गाठ मारलेल्या चोवीस पिशव्या

उसवेमास्तरांना उसवेमास्तर म्हणत, कारण त्यांनी आयुष्यात जेवढे शिवले त्याच्या दुप्पट उसवले. टीप केसभर वाकडी गेली की समोर गिऱ्हाईक उभे असो, नाहीतर तिसरी घंटा होऊन पडदा वर जायच्या बेतात असो, मास्तर कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, 'च्च्' करत, आणि दोरा तोडून मोकळे होत. एका राजाला त्यांनी अख्खा दुसरा अंक एका बाहीवर काढायला लावला होता. प्रेक्षकांना वाटले, दुसरी लढाईत गेली असेल. टाळ्या पडल्या.

एकतीस वर्षे त्यांनी एका नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळला. राजे, प्रधान, संन्यासी, पोलीस, सगळे त्यांच्यासमोर हात वर करून उभे राहिले. मग नाटके बंद पडली, नाट्यगृह टायरांच्या गोदामाला गेले, आणि मास्तरांना दोन ओळींची चिठ्ठी मिळाली: आपली सोय दुसरीकडे पाहावी. मास्तरांनी पाहिली. एका जुन्या इमारतीच्या जिन्याखाली, तीन पावले रुंद आणि सात पावले लांब. जमीन लाकडी फळ्यांची, फळ्यांत बोटभर फटी. तिथे पडलेली सुई पाताळात जाई. मशीनवर मास्तर, आणि शेजारच्या स्टुलावर काजे-बटणे करत त्यांची बायको.

कपडेपट सुटला, पण कपडेपटातली एक सवय सुटली नाही. फार वर्षांपूर्वी एका प्रयोगात राजा सिंहासनावर बसला आणि जो उठला तो थेट विंगेत आला. मागच्या शिवणीत टाचणी राहिली होती. त्या दिवसापासून मास्तरांनी नेम केला: शिवले, तपासले, आत टाचणी नाही याची खात्री झाली, की नाडीला गाठ. गाठ असेल तर निर्धास्त अंगात घाला. गाठ नसेल तर हात लावू नका. आता जिन्याखाली ना राजा ना सिंहासन, तरी मास्तर पायजम्याच्या नाडीलासुद्धा गाठ मारूनच देत, आणि गिऱ्हाइके घरी जाऊन ती दातांनी सोडत.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," बायको म्हणायची.

"पीळ आहे म्हणून लोक न टोचता बसतात," मास्तर म्हणायचे.

तर अशा मास्तरांकडे एक दिवस सापघरातल्या बाई आल्या. शहरात कुठेही, कुणाच्याही न्हाणीघरात किंवा माळ्यावर साप निघाला की या बाई स्कूटरवरून जात, साप उचलत, पिशवीत घालत आणि रानात सोडून येत. जखमी असेल तर बरा होईपर्यंत सापघरात ठेवत. त्यांनी चार फाटक्या पिशव्या मास्तरांपुढे टाकल्या.

"मास्तर, अशा नव्या हव्यात. मांजरपाटाच्या. पण शिवण बाहेरच्या बाजूला."

"म्हणजे उलट्या?"

"उलट्या."

"बाई, एकतीस वर्षं शिवणी लपवण्यात घालवली. आता म्हातारपणी चव्हाट्यावर मांडू?"

"आत दोऱ्याचं टोकसुद्धा नको. मागच्या महिन्यात एक वाळा आणला होता. बिचारा गांडुळाएवढा साप, आंधळा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पिशवीतला सुटलेला दोरा अंगाला गुंडाळला गेला. सकाळी पाहिलं तर गेला होता."

मास्तरांचा हात थांबला. "दोऱ्यानं गेला?"

"दोऱ्यानं. आणि कोपरे नकोत, गोल करा. कोपरा सापडला की साप नाक खुपसून ढकलत राहतो. टीप सैल असली की बाहेर."

ते शिवणकाम मास्तरांचे नव्हते. तरी एका जीवाचा प्राण सैल दोऱ्याने गेला, हे ऐकून त्यांना घरचीच नाचक्की झाल्यासारखे वाटले. त्यांनी काम घेतले. फक्त एक अट घातली.

"साप माझ्या दुकानात येणार नाही. पिशव्या यायच्या त्या रिकाम्या, धुतलेल्या, आणि उंबऱ्याबाहेर उलटून दाखवलेल्या."

कारण मास्तर सापाला भीत. साधेसुधे नाही. एकदा नाटकात खलनायकाच्या गळ्यात पडायला म्हणून त्यांनीच हिरव्या सॅटिनचा साप शिवला होता, कापूस भरून, डोळ्यांना काळी बटणे लावून. तालमीत दोरी चुकली आणि तो मास्तरांच्या मानेवर पडला. मास्तर तिथेच आडवे. शुद्धीवर आले तेव्हा पहिले वाक्य होते, "बटणं कुणी लावली याला?"

"तुम्हीच," बायको म्हणाली होती.

तरी पुढच्या दोन वर्षांत मास्तरांना सापांचे बरेच ज्ञान झाले, फक्त मापांतून. दूरच्या नातलगांची मापे टपालाने यावीत तशी बाई मापे सांगत आणि मास्तर वहीत उतरवत.

"अजगर. लांबी लिहिली. कंबर?"

"मास्तर, अजगर म्हणजे सगळीच कंबर."

हळूहळू ते पात्रयोजना करू लागले. धामण म्हणजे लांबलचक, सदा धावपळीत, विषाचा टिपूस नाही आणि बदनामी मात्र नागाएवढी. पाणसाप चिडका, येताजाता तोंड टाकणारा, घरोघरी असतो तसा काका. हरणटोळ हिरवागार, सडपातळ, वेलीला टेकून तासन्तास उभा. जुन्या नाटकातला प्रियकरच.

"यातले बहुतेक निरुपद्रवी असतात हो," बाई समजावत.

"आमच्या कंपनीतले खलनायकही घरी अगदी साधे होते. तरी त्यांनी तलवार उपसली की मी विंगेत दोन पावलं मागे सरकायचोच."

असे चालले होते. मग तो चोवीस पिशव्यांचा दिवस उगवला.

बाईंनी चोवीस लहान पिशव्यांची मागणी दिली होती. कापड कोरे, खळ घातलेले, कडक. नमुन्याची एक पिशवी बाई आधीच घेऊन गेल्या होत्या; ती या चोवीसांत धरलेली नव्हती. चोवीसांचा आकार बसू नये म्हणून मास्तरांनी प्रत्येकीत मूठभर कातरण भरली, गाठी मारल्या, दांडीवर ओळीने अडकवल्या आणि मोजल्या. तेवीस. पुन्हा मोजल्या. तेवीस.

"अगं, एक पिशवी कमी भरतेय."

"चष्मा लावून मोजा."

"लावूनच मोजतोय. चोवीस शिवल्या. माझा हात कधी खोटं बोलत नाही."

सकाळभर मास्तर पिशवी शोधत होते. मशीनखाली, कातरणीच्या ढिगात, कोटाच्या खिशातसुद्धा. अकराच्या सुमारास एक लठ्ठ गृहस्थ कोटाच्या मापाला आले. मास्तर त्यांना घेऊन पडद्याआड गेले, तोंडात आठ टाचण्या धरून. बायको तेवढ्यात बटणे आणायला बाहेर पडली होती. नेमक्या याच वेळी बाई आल्या.

बाईंच्या केसांत पाला, कोपरापर्यंत माती, आणि चेहऱ्यावर असा उजेड की पाहणाऱ्याने विचारावे, लॉटरी लागली का. त्यांच्या हातात नमुन्याची ती पिशवी होती. पिशवीत कोरडा पाला, थोडी माती, आणि मातीत दीड वितीचा एक साप. मालधक्क्यामागच्या उतरणीवर तो त्यांना त्या सकाळी मिळाला होता. हा साप शेवटचा कुणी पाहिला त्याला एकोणीस वर्षे झाली होती. भुसभुशीत मातीत राहायचे, गांडुळे खायची, कुणाला दिसायचे नाही, एवढाच त्याचा संसार. पूर्वी तो तीन टेकड्यांवर होता. दोन टेकड्या सपाट झाल्या. तिसरीची ही उरलेली उतरण, आणि तिथे वाहनतळ करायचा म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी माती उकरायची यंत्रे येणार होती. साप सापडला त्याच दुपारी तीन वाजता वाहनतळाच्या समितीची शेवटची बैठक होती. 'तिथे असा साप आहे' असे बाई वर्षभर सांगत होत्या आणि समिती वर्षभर म्हणत होती, 'दाखवा.'

बैठकीत बोलायचे तर बारापूर्वी समोरच्या कचेरीत अर्ज द्यायला हवा होता. पण तिथला पहारेकरी बाईंना ओळखून होता. पिशवीसकट आत सोडत नसे. बाईंनी मनाशी विचार केला: मास्तरांना साप सांगितला तर साप राहील बाजूला, मास्तरांनाच उचलावे लागेल.

"मास्तर, एक पिशवी खुंटीला ठेवते. अर्ध्या तासात आले. हात लावू नका हं!"

"ह्ं, ह्ं," पडद्याआडून टाचण्या म्हणाल्या.

सापघरात एक नियम होता, अगदी मुळाक्षरांसारखा: गाठ असेल तर आत साप आहे, गाठ नसेल तर पिशवी रिकामी. बाईंनी गाठ नीट आवळली आणि त्या पळाल्या.

मास्तर पडद्याबाहेर आले. पाहतात तर खुंटीवर पिशवी. त्यांचीच टीप, त्यांचेच गोल कोपरे, आणि गाठ मारलेली.

"अरे गुलामा!" मास्तर पिशवीला प्रेमाने म्हणाले. "इथं लपून बसलास होय?"

त्यांनी ती उचलून दांडीवर अडकवली, इतरांच्या अंगाला अंग लावून, आणि मोजल्या. चोवीस! मग गिऱ्हाईक जाताच त्यांनी अंतर सारखे करायचे म्हणून सगळ्या पिशव्या पुढेमागे सरकवल्या आणि समाधानाने बैठक मारली.

अर्ध्या तासाचे दोन तास झाले. कचेरीत शिक्का मारणारा जेवायला गेला होता. बाई आल्या तेव्हा बायकोही परतली होती. खुंटी रिकामी होती.

"मास्तर, इथली पिशवी?"

"सापडली ना! तीच तर कमी होती. ह्या घ्या, मोजून चोवीस."

बाईंनी दांडीकडे पाहिले. चोवीस कोऱ्या पिशव्या, चोवीस गाठी. त्यांच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणी बटण दाबून घालवावा तसा गेला.

"मास्तर, तुम्ही रिकाम्या पिशवीला गाठ मारता?"

"म्हणजे काय! तपासल्याची गाठ ती. आत काही नाही याची खूण."

"आमच्यात ती आत साप असल्याची खूण असते हो!"

दुकानात शांतता पसरली. तिसऱ्या घंटेनंतर पसरते तशी. मग मास्तर मशीनवर चढले. मशीनवर म्हणजे खरोखरच मशीनवर, पाय वर घेऊन.

"कुठल्या पिशवीत आहे?" त्यांचा आवाज तार सप्तकात गेला होता.

"तेच तर कळायला हवं!"

बाई एकेक पिशवी हळूच चाचपू लागल्या. पण कापड कडक, आत कातरण. बाकीच्यांत कातरण, सापाच्या पिशवीत पाला, हाताला फरक काय लागणार? साप पेन्सिलीएवढ्या जाडीचा, भ्याल्यावर गुंडाळी करून गप्प पडणारा. दाबून पाहावे तर चिरडायची भीती. आणि सोडून पाहावे तर खाली फळ्यांच्या फटी. मातीत घुसण्यात ज्याचा जन्म गेला, तो एकदा त्या फटीत गेला की तीन वाजता काय, तीन वर्षांनीही दिसला नसता. घड्याळात एक वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

"चूक माझीच," बाई स्टुलावर बसत म्हणाल्या. "सांगायला हवं होतं. एकोणीस वर्षांनी सापडला आणि मी तो दुकानात हरवला."

बायकोने मशीनवरच्या नवऱ्याकडे पाहिले. "साप म्हणू नये धाकला आणि नवरा म्हणू नये आपला, ते खोटं नाही. उतरा खाली. अहो, अंधारात पंचवीस अंगरखे टांगलेले असायचे, तेव्हा प्रधानाचा कुठला आणि शिपायाचा कुठला, हे कोण सांगायचं?"

मास्तरांनी पाय आणखीच वर घेतले. पण ते खरे होते. दोन प्रवेशांच्या मधल्या काळोखात, दिवा न लावता, मास्तर नुसत्या बोटाने अंगरखा उचलत आणि वजनावरून ओळखत. एकतीस वर्षांत प्रधानाने शिपायाचे कपडे फक्त एकदा घातले, तेही मास्तर आजारी होते म्हणून.

"पण त्या अंगरख्यांत कुणी वळवळत नव्हतं," मास्तर म्हणाले.

"तुम्ही साप शोधू नका ना. तुम्ही तुमच्या पिशव्या शोधा."

मास्तर हळूच एक पाय खाली सोडत म्हणाले, "बाई, सापातलं मला काही कळत नाही. पण पिशवीतलं तुम्हाला कळत नाही. माझ्या तेवीस पिशव्या मी ओळखून बाजूला काढतो. उरेल ती तुमची. तिला मी हात लावणार नाही."

"चालेल."

"मग अंधार करा."

बायकोने शटर ओढले आणि दिवा घालवला. काळोखात मास्तरांना जरा बरे वाटले; आयुष्यातली सगळी मोठी कामे त्यांनी काळोखातच केली होती. त्यांनी दांडीच्या डाव्या टोकाला उजव्या हाताचे मधले बोट लावले, पिशवीची नाडी बोटावर घेतली, उचलली.

"माझी."

दुसरी. "माझी." तिसरी. "माझी. हिच्यात कोटाची कातरण आहे, लोकरीची." बायको अंधारातच प्रत्येक पिशवी काढून घेत होती. अकरावीपर्यंत सुरळीत गेले. बारावी उचलली आणि मास्तर थांबले.

"का हो?"

"घाम पुसतोय. माझीच आहे."

सतरावी पिशवी त्यांनी बोटावर घेतली. घेतली ती तशीच धरून राहिले. वजन जास्त नव्हते. इतरांपेक्षा दोन बटणांएवढे अधिक असेल. पण ते वजन एका जागी थांबत नव्हते. बोटावर नाडी किंचित इकडे गेली, किंचित तिकडे आली. पिशवीच्या आत कुणीतरी अंधारात आपली जागा शोधत होते. मास्तरांची पाचावर धारण बसली. बोट मागे घ्यावे असे पायांपासून डोक्यापर्यंत वाटत होते. आणि बोट मागे घेतले तर पिशवी खाली, फळ्यांवर.

"बाई," ते कुजबुजले. "ही माझी नाही."

"नक्की?"

"ही माझी नाही, ही माझी नाही, लवकर घ्या! आणि बाई... तुमच्या सापाला शेपट्या किती?"

"एक!"

"मोजायला चुकलात. ही चारपाच ठिकाणी हलतेय."

भीतीने माणसाला काहीही वाटते, असे म्हणून बाईंनी पिशवी अलगद घेतली. बैठक चार चौक पलीकडे होती, आणि स्कूटरवर मागे बसून दोन्ही हातांनी ती उचलून धरायला कुणीतरी हवे होते. बायकोने शटरची किल्ली कमरेला खोचली आणि म्हणाली, "अर्धं काम करून पळायचं नाही हं. मी चालत येते." आणि अशा रीतीने उसवेमास्तर आयुष्यात प्रथमच साप घेऊन निघाले, हात पुढे ताठ, डोळे गच्च मिटलेले, आणि वाटेतल्या प्रत्येक खड्ड्याला 'सांभाळून' म्हणत. हे सापाला होते की बाईंना, ते कळले नाही.

समितीच्या खोलीत लांब टेबल होते, त्यावर पाण्याच्या बाटल्या आणि वाहनतळाचा रंगीत नकाशा. अध्यक्ष जाडजूड गृहस्थ होते. तेच, सकाळी कोटाचे माप देऊन गेलेले. मास्तरांना पाहून ते दचकले. "मास्तर, इथंही टाचण्या घेऊन आलात की काय?"

बाईंनी स्कूटरच्या डिकीतून आणलेली काचेची परात टेबलावर ठेवली. मास्तर भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून उभे राहिले. गाठ सुटली. पाल्याबरोबर एक काळसर, गुळगुळीत साप परातीत आला. शेपूट बोथट, कात्रीने तिरके कापल्यासारखे.

"एवढासा?" अध्यक्ष म्हणाले आणि दोघेतिघे हसले. "बाई, ह्याच्यासाठी दोनशे गाड्यांची जागा सोडायची? उचलून दुसरीकडे सोडा की."

"दुसरीकडे जगत नाही तो, साहेब. ती माती, तो ओलावा लागतो. साधा रस्ताही ओलांडत नाही. दोन टेकड्या गेल्या, तिथले साप कुठंही गेले नाहीत. तिथंच संपले."

"असं कसं? जागा गेली की सगळेच दुसरीकडे जातात."

भिंतीपाशी मिटल्या डोळ्यांचे मास्तर होते. ते बोलणार आहेत हे त्यांना स्वतःलाही माहीत नव्हते.

"साहेब, आमचं नाट्यगृह गेलं तेव्हा मलाही हेच सांगितलं. सोय दुसरीकडे पाहा. मी पाहिली. कारण मला पाय आहेत."

कुणी हसले नाही. तेवढ्यात बाईंनी पिशवी शेवटची झटकली आणि त्या 'अगं बाई!' म्हणून एकदम खाली वाकल्या. पाल्यातून एक पिल्लू बाहेर आले. काडेपेटीतल्या दोन काड्या जोडल्या तर होईल एवढे. मग दुसरे. मग तिसरे आणि चौथे. सकाळपासून पिशवीत बसल्याबसल्या ती सापीण बाळंत झाली होती. या सापांची अंडी नसतात, जिवंत पिल्लेच होतात.

अध्यक्ष खुर्चीतून उठून परातीवर वाकले. सगळेच वाकले. दाराशी नुकतीच पोचलेली मास्तरांची बायको सगळ्यांच्या खांद्यांवरून डोकावली आणि म्हणाली, "आईसकट पाच!"

"म्हणजे... तिथं ह्यांचं घरदार आहे," अध्यक्ष म्हणाले.

"बाई," मिटल्या डोळ्यांनी मास्तरांनी विचारले, "एक दिला होता. पाच कसे? पिशवीला भोक तर पडलं नाही ना? कुणी दोऱ्यात अडकलं?"

बाईंनी पिशवी उलटी केली. गोल कोपऱ्यावरून बोट फिरवले. जुन्या पिशवीतून अशी चार पिल्ले केव्हाच निसटली असती, नाहीतर दोऱ्यात गुरफटली असती.

"नाही मास्तर. सगळी आहेत. एकही दोरा नाही."

मास्तरांनी खोलीभर ऐकू जाईल असा श्वास सोडला.

यंत्रांचे येणे रद्द झाले. उतरणीची पूर्ण पाहणी होईपर्यंत तिथे कुदळसुद्धा लावायची नाही, आणि वाहनतळासाठी मालधक्क्याची पुढची पडीक बाजू पाहायची, असे कागदावर आले. त्यावर दोघांनी कुरकुर केली, पण अध्यक्षांनी सही केली. सही करताना त्यांनी मास्तरांना विचारून घेतले की कोटाचे काय.

घरी जाताना बायकोने कबूल केले की चोविसावी पिशवी तिनेच कपड्यांच्या चिमट्यांसाठी नेली होती. "गोल कोपरे छान वाटले मला," ती म्हणाली. मास्तर तिला रागावलेसुद्धा नाहीत. थोडे पुढे गेल्यावर त्यांनी विचारले, "दिसायला कशी होती गं?"

"काळी. अंगाला चमक. पोटाशी पिवळी किनार."

"किनार किती रुंद?"

"करंगळीच्या नखाच्या निम्मी असेल."

"सरळ होती?"

"मला काय विचारता? स्वतः बघायची होती."

त्या दिवसानंतर मास्तर पिशव्यांना गाठ मारीनासे झाले. तयार पिशवी नुसती घडी करून ठेवायची, हे त्यांना फार जड गेले. हात आपोआप नाडीकडे जाई आणि ते तो दुसऱ्या हाताने परत आणत.

चौथ्या दिवशी आई आणि पिल्ले उतरणीवर परत सोडायची होती. त्याआधी मास्तर सापघरात गेले, उंबऱ्यावर थांबले, आणि बाईंनी काचेची पेटी पुढे आणताच त्यांनी एक डोळा उघडला. बराच वेळ तो एकच डोळा उघडा होता. मग दुसरा उघडला. मास्तरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, वाकले, आणि नाकापासून त्या तिरक्या शेपटापर्यंत, वरून, खालून, एकेक खवला न्याहाळला.

बाई वाट पाहत होत्या. आता 'च्च्' येणार, असे त्यांना वाटले.

"कमाल आहे," मास्तर म्हणाले. "शिवण कुठंच दिसत नाही."